अकरावं माणूस

"आधी अंडं काढा," मास्तर म्हणाले होते. "पांढऱ्या कापडावर एक पांढरं अंडं. दोन महिने तेवढंच. माणसांच्या वाटेला जाऊ नका, बाई. एक माणूस रंगवायला घेतलं की त्याच्या मागून त्याची सगळी भानगड येते."

तिने हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. अंड्याचं तिला नवल नव्हतं. रोज सकाळी ते उकडून, कुस्करून ती बाळाच्या तोंडापर्यंत नेत होती आणि मग भिंतीवरून खरवडून काढत होती. शिवाय ती वर्गात आली होती रागावून, आणि रागावलेल्या माणसाच्या हातून अंडं होत नाही.

राग बाळाच्या डॉक्टरांवर होता. त्या आठवड्यात तिने त्यांना नऊ वेळा फोन केला होता. बाळ एकाच नाकपुडीने श्वास घेतंय असं वाटलं म्हणून एकदा, बाळ झोपत नाही म्हणून तीनदा, आणि बाळ फारच शांत झोपलंय म्हणून पाचदा. दहाव्या वेळी ती बाळाला घेऊन समोरच जाऊन बसली. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, बाळाकडे बघून हसले, तिच्याकडे बघून हसले नाहीत. मग औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी एकच शब्द लिहिला, 'छंद', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, एवढंच लिहायचं बाकी ठेवलं. नवऱ्याला ती चिठ्ठी इतकी आवडली की त्याने ती फ्रिजवर चिकटवली. पदवी घेतलेली, चारचौघांत नीट बोलता येणारी बाई, आणि तिच्या आजाराचं औषध फ्रिजवर लटकलेलं. येणारा-जाणारा वाचून मान डोलवायचा.

म्हणून तैलरंग. पाण्याचे रंग शाळेत झाले होते. आता जे करायचं ते असं, की डॉक्टरांची बोलती बंद व्हावी.

वर्ग नगरपालिकेच्या सभागृहाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आठवड्यातून दोन संध्याकाळी भरायचा. मास्तरांची पद्धत ठरलेली होती. कपाटात जुन्या चित्रांच्या छापील प्रतींचा एक गठ्ठा होता. त्यातलं एक चित्र उचलायचं, त्यावर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन कॅनव्हासवर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवून घ्यायचा. बाकीच्यांनी फळं उचलली, फुलदाण्या उचलल्या. तिने गठ्ठ्याच्या तळातून एक कागद ओढला. पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र, तळहाताएवढं, कुणीतरी ओल्या हातांनी धरून धरून तपकिरी झालेलं. खालचं नाव फाटलेलं. वर पायऱ्यांवर राजा, आजूबाजूला झगे घातलेली माणसं, खाली दोन बायका. त्यातली एक गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे पसरून काहीतरी मागत होती. तो चेहरा तिला ओळखीचा वाटला. आरशात सकाळी तोच दिसायचा. डावीकडे एक उघडाबंब शिपाई, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात काहीतरी फिकट लोंबणारं. सोललेली कोंबडी असावी, असं तिने ठरवलं. राजाकडे जेवणावळ असणार.

"अकरा माणसं आहेत त्यात," मास्तर म्हणाले.

"दहा आहेत. मी मोजली."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ते फुलदाणीवाल्यांकडे गेले. त्या क्षणी त्यांनी तोंड उघडलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं, हे ती आजही म्हणते, आणि म्हणताना तिच्या नाकपुड्या फुलतात.

वर्गात वेळ पुरेना, म्हणून कॅनव्हास घरी आला. इथून खरी सुरुवात. रंगांच्या दुकानात तिने प्रत्येक नळीवरची बारीक अक्षरं वाचली. दुकानदार तिच्यामागे तोल सांभाळत उभा.

"हा पांढरा बाळाने चाटला तर?"

"चित्रं चाटायची नसतात, ताई."

"ते मला माहितीये. बाळाला नाही माहीत."

"मग बाळाला चित्रं काढायला लावू नका," दुकानदार म्हणाला, आणि तिने त्या दुकानात पुन्हा पाऊल न टाकायचं ठरवलं. टर्पेंटाइन संपेपर्यंत ते टिकलं.

टर्पेंटाइनने दुसरं लचांड आणलं. बाटली उघडली की घरभर वास. तिने खिडक्या उघडल्या. मग बाळाला वारा लागेल म्हणून लावल्या. मग वास कोंडला म्हणून बाळाला घेऊन स्वतःच घराबाहेर उभी राहिली. घराबाहेर उभं राहून घरातलं चित्र रंगवता येत नाही, एवढं गणित तिला येत होतं. शेवटी चित्र बाहेर आणि बाळ आत, असा तोडगा निघाला. जिन्याच्या मधल्या चौकात तिने चित्राची घोडी उभी केली, दार सताड उघडं ठेवलं, आणि बाळ रांगत उंबऱ्यापर्यंत आलं की ब्रश दातांत धरून ती पळत आत जायची. यात एका चौकोनाला तीन दिवस लागत.

समोरच्या दारात काका-काकू राहत. काका निवृत्त इंजिनीयर. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे सगळं साठलेलं होतं. जिन्यात चित्र उभं राहिलं आणि धरण फुटलं.

"पायरी फार उंच आहे. राजा उतरताना पडेल," काका टेप घेऊन आले. "आणि सिंहासनाला कठडा का नाही?"

कठड्याचं तिलाही पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण काकांनी म्हटल्याबरोबर तिला कठडा अजिबात नकोसा झाला.

"त्या शिपायाला काहीतरी घाल गं अंगात," काकू म्हणाल्या. "आणि राजाचं तोंड असं काय? जरा हसरं कर. घरात लावायचंय ना?"

"काकू, हे जसं आहे तसं उतरवायचं असतं."

"हो, पण आपण शहाणे आहोत की नाही?"

चौकोनांच्या पद्धतीत एक मेख असते. काय काढतोय ते काढणाऱ्याला कळत नाही. एका चौकोनात नुसती घडी, दुसऱ्यात नुसता कोपर. मास्तर म्हणत, तेच बरं. कळलं की हात चुकतो. ती कोंबडीच्या चौकोनाशी आली. पहिल्या चौकोनात शिपायाची मूठ आणि मुठीत तंगडी. तंगडी गुबगुबीत होती. म्हटलं, राजाची कोंबडी, खाऊनपिऊन सुखी. खालच्या चौकोनात पोट. पोटाला बेंबी.

तिने ब्रश खाली ठेवला. भिंग आणून छापील कागद पाहिला. बेंबीखाली... म्हणजे उलटं लटकलेलं असल्यामुळे बेंबीच्या खाली छाती होती, छातीखाली दोन मुठी, आणि सगळ्यात खाली एक उघडं तोंड. रडणारं.

"अहो, ही तर प्रसिद्ध गोष्ट," काका हरखून म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं होतं. "दोन बायका, एक मूल. दोघी म्हणतात माझं. राजा म्हणतो, कापा मधोमध, अर्धं हिला, अर्धं तिला."

"मग?"

काकांनी घसा साफ केला, चष्मा पुसला. "मग खरी आई म्हणाली, तिला देऊन टाका, पण कापू नका. झालं. राजाला कळलं आई कोण ते. केवढी अक्कल बघा."

"ती हे म्हणेपर्यंत बाळ उलटंच होतं?"

"अं? हो, असेल."

"डोकं खाली करून. एका तंगडीवर."

"गोष्ट आहे हो ती."

"चित्रात तर पाचशे वर्षं तसंच आहे," ती म्हणाली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा माणसं. तिने पुन्हा मोजली. एकजण दाढी कुरवाळतोय, दोघं कानात कुजबुजताहेत, एकजण चक्क पाठ करून उभा. आणि खुर्चीवर बसलेल्या त्या माणसाला जग पाचशे वर्षं शहाणा म्हणतंय. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत त्याने हा प्रयोग केला असता का, हे विचारायला तिला कुणी भेटेना, म्हणून तिने रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला विचारलं.

नवरा शांत स्वभावाचा. त्याने घास गिळला, विचार केला, आणि उपयोगाचं काहीतरी सुचवावं म्हणून म्हणाला, "छापील चित्रात नीट दिसत नसेल तर आपलंच एक मिनिट धरू ना तसं. मी धरतो. खाली गादी टाकू. हसेल बघ तो."

पुढचे चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ते न बोलती तर बरं झालं असतं, असं नवरा म्हणतो.

पण नमुना तर हवा होता. शेवटी तिने बाळाच्या एका जुन्या झबल्या-चड्डीत उशीचा कापूस ठासून भरला, मोज्याचं डोकं केलं, त्यावर टोपी घातली, कारण टोपीशिवाय तिला ते बघवेना, आणि एका पायाला कपड्यांचे चिमटे लावून ते बाहुलं जिन्यातल्या दोरीला टांगलं. खालून वर येणाऱ्याला पहिल्यांदा टोपी दिसायची, मग खाली लोंबणारे दोन हात. काकू भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या.

काकूंच्या आवाजाबद्दल तिने याआधी कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी तो तीन इमारतींनी ऐकला. टोमॅटो तळमजल्यापर्यंत गेले. माणसं जिन्यात गोळा झाली, बाहुलं खाली उतरवलं गेलं, कापूस बाहेर आला, आणि तरी कुणी हसलं नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले. जिच्या मांडीवर खरं बाळ अंगठा चोखत बसलं होतं, तिच्याकडे.

दोन दिवसांनी इमारतीच्या समितीचं पत्र आलं: 'जिन्यामध्ये बाळ अथवा बाळासदृश वस्तू टांगण्यास सक्त मनाई आहे.' अथवा. म्हणजे बाळही टांगलं जाण्याची शक्यता समितीने गृहीत धरली होती. आणि आठवडा उलटायच्या आत बालकल्याण कार्यालयातून एक बाई पाहणीला आल्या. त्यांना टेबलाचे सगळे कोपरे स्पंजात गुंडाळलेले दिसले, कपाटं दोऱ्यांनी बांधलेली दिसली. न्हाणीघराच्या दाराची वरची, मधली आणि खालची कडी काढता काढता त्यांना पाच मिनिटं लागली. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं, 'काळजी प्रमाणाबाहेर.' तिने शिक्का मारलेली प्रत मागून घेतली. आयुष्यात एकदा तरी सरकारने खरं लिहिलं होतं, पण तिला ते टोमण्यासारखं लागलं.

चित्र जिन्यातून हाकललं गेलं ते सभागृहात परत आलं. आता फक्त तेवढेच दोन-तीन चौकोन उरले होते. ती कॅनव्हाससमोर बसली. शिपायाच्या मुठीत पाय काढायला हात उचलला की हात जायचा खाली. मग तिला एक गोष्ट दिसली, जी चौकोनांमुळे इतके दिवस दिसली नव्हती. गुडघ्यांवर बसलेल्या बाईचे हात पसरलेलेच होते. पाचशे वर्षं पसरलेले आणि रिकामे. एका संध्याकाळी तिने बाळ त्या हातांत देऊन टाकलं. गुंडाळून, सरळ, डोकं कोपराच्या खळग्यात. शिपायाच्या हाती एक फडकं दिलं, तलवार पुसायला. कितीतरी दिवसांनी ती घरी येऊन गाढ झोपली.

पुढच्या वर्गाला आली तर बाळ परत उलटं.

मास्तरांनी पातळ सुरीने तिचा ओला रंग खरवडून काढला होता आणि त्यांच्या सराईत हाताने पाय, पोट, मुठी, तोंड, सगळं बरहुकूम टांगलं होतं. ही त्यांची जुनी रीत. विद्यार्थ्याचं चित्र न विचारता 'सारखं' करून ठेवायचं, आणि विद्यार्थ्यांनी पाया पडायचं.

"प्रत म्हणजे प्रत, बाई."

तिने सुरी घेतली, बाळ खरवडलं, आणि पुन्हा त्या बाईच्या मांडीवर दिलं.

तैलरंगाचा गुण असा, की तो आठवडा आठवडा वाळत नाही. दोन हट्टी माणसांच्या हाती याहून वाईट वस्तू देता येणार नाही. सोमवारी बाळ मांडीवर, गुरुवारी टांगलेलं, सोमवारी मांडीवर. असं सहा आठवडे चाललं. फुलदाणीवाले येताना आधी डोकावून बघत, आज कुणाची पाळी.

"तुम्हाला कळत नाही," मास्तर शेवटी खुर्ची ओढून बसले. "ते मूल टांगलंय म्हणून हे चित्र उभं आहे. सगळ्यांच्या नजरा तिथे जाताहेत. ते खाली घेतलंत की ही दहा माणसं नुसती जमलीत. कशाला जमलीत, कुणाला ठाऊक."

"नजरा जाताहेत ना? मग हात का जात नाहीत? दहा माणसं आहेत, मास्तर. वीस हात. खाली एक हात कुणी धरत नाही?"

"मूळ चित्रात नाही."

"मूळ चित्रकाराने कधी मूल सांभाळलं नसेल."

"त्याला सात होती," मास्तर म्हणाले. खरं होतं की रेटून दिलं, देव जाणे.

"मग त्याच्या बायकोने सांभाळली."

 मास्तर उठले आणि सुरी पुसायला लागले.

वर्षाअखेरचं प्रदर्शन आलं. सभागृहाचे व्यवस्थापक टेबलावर नियमांची वही उघडून बसले. प्रवेशाचे रकाने दोन: 'प्रत' आणि 'स्वतंत्र'. त्या दिवशी गुरुवार, म्हणजे बाळ टांगलेलं, म्हणजे प्रत. पण प्रतीसाठी रुंदीची मर्यादा होती आणि चित्र दोन विती जास्त भरलं.

"काही अडचण नाही," व्यवस्थापक म्हणाले. माणूस मदत करणाऱ्यांपैकी होता. असे फार धोक्याचे. "डावी बाजू कमी करू. राजा राहतो, दोन्ही महिला राहतात. शिपायाचं अर्धं जाईल. आणि हे," त्यांनी पट्टी बाळाच्या पोटावर ठेवली, "साधारण इथून." त्यांनी खणातून कागद कापायचं पातं काढलं. "मास्तर, आपली हरकत?"

"कापा एकदाचं," मास्तर म्हणाले. "सुटलो."

"थांबा," ती म्हणाली. "राहू दे तसंच. टांगलेलं तर टांगलेलं, मास्तरांचं तर मास्तरांचं. पण कापू नका."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. तिने मास्तरांकडे पाहिलं, व्यवस्थापकांकडे पाहिलं. तीस वर्षं त्या चित्राची प्रत गठ्ठ्यात बाळगणारा माणूस नखातला रंग काढत होता. दुसरा पातं पुन्हा कागदात गुंडाळत होता. गोष्टीत हे वाक्य बोलणाऱ्या बाईला बाळ मिळतं. हिला पोचपावती मिळाली.

"मग प्रदर्शनात नाही बसणार," व्यवस्थापक म्हणाले. "व्हरांड्यात लावू, तक्रार-खिडकीच्या वर. व्हरांड्याला रुंदीचा नियम नाही. नोंद एका वर्षाची होते. तोवर चित्र कार्यालयाची मालमत्ता."

घरी येईपर्यंत ती पायऱ्या आपटत चालली. नवऱ्याने विचारलं, "झालं ना काम?" तिने त्याला बाळाचे कपडे घड्या घालायला दिले, कारण त्याच्या हातांना काहीतरी काम असणं त्याच्याच हिताचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाला कडेवर घेऊन गेली. तक्रार-खिडकी जेवणासाठी बंद होती. तिने स्टूल ओढलं, वर चढली, आणि एका हातात बाळ, एका हातात ब्रश घेऊन चित्रात हात काढला. फक्त एक हात. तो त्या दहा जणांपैकी कुणाचाच नव्हता. चौकटीच्या कडेमागून, बाहेरून, आत आलेला. बाही कोपरापर्यंत सारलेली, मनगट साधं, तळवा उघडा आणि बरोबर त्या उलट्या डोक्याखाली. बाळ तिच्या कडेवरून हे बघत होतं आणि मधूनच ब्रशची दांडी धरत होतं, त्यामुळे करंगळी जरा वाकडी झाली. चौथं बोट होईपर्यंत पहारेकरी आला. अंगठा तिने त्याच्याशी वाद घालता घालता उरकला.

पत्र तीन ओळींचं आलं. कार्यालयाच्या मालमत्तेत विनापरवाना भर घातल्याबद्दल दुसऱ्या मजल्यावर एक वर्ष प्रवेशबंदी. 'भर घातल्याबद्दल' या शब्दांशी तिचं काहीच भांडण नव्हतं. भांडण होतं ते असं, की वर्गाच्या चाव्या अजून मास्तरांकडेच आहेत, सुरीही त्यांच्याकडेच आहे, आणि व्हरांडा वर्गाच्या वाटेवर आहे. नवऱ्याला तिने एकदा बघायला पाठवलं. तो येऊन म्हणाला, "बरं आहे." त्याला सगळंच बरं असतं. बाळाला एकशे दोन ताप होता तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

म्हणून तिने हे लिहायला सांगितलंय. तुम्हाला कधी पाण्याच्या, रस्त्याच्या, कशाच्याही तक्रारीसाठी त्या इमारतीत जावं लागलं, आणि तक्रार असतेच प्रत्येकाला, तर दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या वर बघा. डावीकडे, शिपायाच्या खाली. बाळाच्या डोक्याखाली हात आहे का, एवढंच. नसेल तर खिडकीवर बोलू नका, ते अर्ज मागतील. सरळ तिला कळवा, बंदी असली तरी ती येईल. आणि असेल, तरी लगेच निघून जाऊ नका. एकटाच हात आहे तो, कधीपासूनचा धरून आहे. दोन मिनिटं तुम्हीही तिथे खाली उभे राहा.